अर्धाच दाखवलेला मिहाई: एका फिल्म क्लबचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी मूळचा कोल्हापूरचा, जयप्रभा स्टुडिओच्या गावात वाढलेला, आणि गेली सहा वर्षं नोकरीसाठी रोमानियात राहतोय. शहर ट्रान्सिल्व्हानियातलं आहे. शहराचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये, कारण यातली सगळी माणसं अजून रोज एकमेकांना भेटतात. एवढं लक्षात ठेवा की या भागात रोमानियन बोलणारे आणि हंगेरियन बोलणारे दोघंही पिढ्यानपिढ्या राहतात, एकाच जिन्यात, एकाच ऑफिसात.

आमचा एक छोटा फिल्म क्लब आहे. हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी एका वाचनालयाचा हॉल मिळतो, तीसेक खुर्च्या, एक प्रोजेक्टर, आणि सिनेमा संपल्यावर चहा. चालवणारे आम्ही चौघं. एक निवृत्त इतिहासशिक्षिका, त्यांना मी इथे नुसतं बाई म्हणतो. एक फिल्म शिकणारी मुलगी, 1989 ला कम्युनिस्ट सत्ता पडल्यानंतर जन्मलेली. माझ्याच वयाचा एक हंगेरियन मित्र, इंजिनिअर. आणि मी. बाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्यांनी नाव विचारायच्या आधी राज कपूरबद्दल विचारलं होतं, 'आवारा' इथे 'वागाबोन्दुल' या नावाने लागला होता आणि लोकांनी डोक्यावर घेतला होता, बाईंना त्यातलं गाणं अजून चालीसकट येतं.

त्या हिवाळ्याचा विषय मीच सुचवला होता: कम्युनिस्ट काळातले लोकप्रिय सिनेमे. बाहेरच्या जगाला रोमानियन सिनेमा म्हटलं की 2000 नंतरचा नवा सिनेमा आठवतो, दिग्दर्शक क्रिस्तियान मुंज्यूला 2007 ला कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो काळ. त्याआधीचं म्हणजे सगळा प्रचार असं धरून चालतात. पण मी भाषा शिकलो ती टीव्हीवर लागणारे जुने सिनेमे बघून, आणि मला दिसत होतं की इथली माणसं ते सिनेमे पाठ म्हणतात, जेवताना त्यातले डायलॉग मारतात. नुसता प्रचार असता तर कुणी पाठ केला असता का?

थोडं या सिनेमांबद्दल सांगायलाच पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. 1948 ला इथला सिनेउद्योग सरकारजमा झाला, मग बुखारेस्टजवळ बुफ्त्याला मोठा स्टुडिओ उभा राहिला. सुरुवातीची वर्षं बहुतेक कारखाने, शेती, वर्गसंघर्ष अशीच गेली. 60 च्या दशकात मात्र सरकारच्याही लक्षात आलं की लोकांना थिएटरात आणायचं तर घोडे पाहिजेत, प्रेम पाहिजे, मारामारी पाहिजे. दिनू कोचाने 1966 ला 'हाइदुची' काढला. हाइदुक म्हणजे श्रीमंत जमीनदारांना लुटणारे जंगलातले बंडकरी, आणि तो एवढा चालला की 1971 पर्यंत त्याची मालिकाच झाली. सर्जिउ निकोलाएस्कूने 1967 ला फ्रेंचांबरोबर 'दाची' केला, रोमन साम्राज्याशी लढणाऱ्या डेशियन लोकांचा, त्यात पिएर ब्रिस होता, जर्मनांच्या विनेतू सिनेमांमुळे तेव्हा युरोपभर माहीत असलेला नट. मग 70 च्या दशकात निकोलाएस्कूचेच पोलिसपट आले. दान पित्साने 1978 ला एक वेस्टर्न काढला, ट्रान्सिल्व्हानियातले दोन शेतकरी भाऊ अमेरिकेत गेलेल्या तिसऱ्या भावाला शोधायला जातात आणि काऊबॉयांच्या भानगडीत सापडतात. त्याचेही पुढे आणखी दोन भाग आले. 1979 ला 'नेआ मरिन' हा विनोदी सिनेमा आला, आम्झा पेल्याचा डबल रोल, एक ओल्तेनियाचा गावठी काका आणि एक परदेशी अब्जाधीश. तिकिटांच्या आकड्यात तो आजही अगदी वरच्या रांगेत आहे.

आणि या सगळ्यांत मध्यभागी 'मिहाई वित्याझुल', म्हणजे शूर मिहाई, वालाकिया या दक्षिणेकडच्या प्रांताचा राजा. दिग्दर्शक निकोलाएस्कू, पटकथा तितुस पोपोविचची, मिहाई झालेला तोच आम्झा पेल्या, लोकांसमोर आला 1971 ला. तीन तासांच्या वर लांबी, दोन भाग. पहिला 'कलुगरेन', 1595 ची ऑटोमन फौजेशी लढाई. दुसरा 'उनिरिया', म्हणजे एकीकरण: मिहाई 1599 ला शेलिम्बरला ट्रान्सिल्व्हानियाचा राजा आंद्रेई बाथोरी याला हरवतो, ट्रान्सिल्व्हानियात येतो, 1600 ला मोल्दोवाही घेतो, आणि 1601 ला तुर्दाजवळ त्याचा खून होतो. आजवर 1 कोटी 30 लाखांच्या वर तिकिटं विकली गेली आहेत, आणि सिनेमा आला तेव्हा देशाची लोकसंख्याच 2 कोटींच्या आसपास होती. अर्थात शाळाच्या शाळा रांगेने नेऊन बसवायचे हेही त्यात आलं, बाईंनीही तो पहिल्यांदा शाळेतर्फेच पाहिला होता.

हा सिनेमा तेव्हाच का आला यालाही कारण आहे. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा प्रागमध्ये घुसल्या तेव्हा रोमानियाचा कम्युनिस्ट सत्ताधीश चाउशेस्कू याने जाहीर भाषणात त्याचा निषेध केला होता, आणि त्यानंतर कुणापुढे न झुकणारा राष्ट्रीय वीर पडद्यावर असणं सत्तेला हवंच होतं. निकोलाएस्कू पुढे सांगायचा की हॉलिवूडच्या कंपनीशी बोलणी चालली होती, मोठे परदेशी स्टार येणार होते, पण वरून हुकूम आला की मिहाई रोमानियन नटच करणार. त्याचं सांगणं किती धरायचं ते तुम्ही ठरवा. पण पेल्याला घोड्यावर बघितल्यावर दुसरा कुणी डोळ्यासमोर येत नाही एवढं मी खात्रीने सांगतो.

प्रश्न कुठे आला

मी यादी केली: हाइदुची, मिहाई, वेस्टर्न, नेआ मरिन. चार शनिवार. मिहाईचे दोन्ही भाग एकाच संध्याकाळी, मध्ये सूप आणि ब्रेड. मला वाटलं झालं काम.

पहिला आक्षेप फिल्मवाल्या मुलीचा. ती म्हणाली, 1968 ला लुचियान पिन्तिलिएने 'रेकोन्स्तितुइरिया' केला, दोन पोरांना त्यांचं दारूच्या नशेतलं भांडण पोलीस कॅमेऱ्यासमोर पुन्हा करायला लावतात, तो थोडे दिवस दाखवून काढून घेतला, पुढे पिन्तिलिएला इथे काम करणंच अशक्य करून टाकलं, आणि आपण तो सोडून ज्यांना फौज आणि घोडे फुकट मिळाले त्यांचे सिनेमे दाखवणार? तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मिहाईच्या लढायांत दिसणारी हजारो माणसं म्हणजे खरोखरच सैन्यातले जवान होते.

दुसरा आक्षेप म्हणजे खरं तर आक्षेप नव्हताच, आणि सगळा घोळ तिथेच झाला. हंगेरियन मित्राने यादी वाचली, 'उनिरिया'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा दाखवणार असाल तर मला त्याबद्दल बोलावं लागेल." बस एवढंच. मग त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला.

आम्ही तिघांनी त्याचा अर्थ लावला की त्याला सिनेमा नकोय. आता विचार केला तर कळतं की असा अर्थ लावायला काहीच आधार नव्हता, पण इथे राहणाऱ्या माणसाला ही भीती लगेच वाटते. शूर मिहाई रोमानियन माणसाला वालाकिया, ट्रान्सिल्व्हानिया आणि मोल्दोवा हे तिन्ही प्रांत पहिल्यांदा एका छत्राखाली आणणारा वीर आहे. हंगेरियन घरांत मात्र तीच गोष्ट वेगळी सांगितली जाते, ट्रान्सिल्व्हानियाचं राज्य तेव्हा हंगेरियन राजघराण्याकडे होतं आणि मिहाई बाहेरून फौज घेऊन आला. वर 1918 ला ट्रान्सिल्व्हानिया रोमानियाला जोडला गेला आणि 1920 च्या तहाने ते पक्कं झालं, तो इतिहास आहेच. तीस खुर्च्यांच्या हॉलमध्ये हे सगळं एकदम उठलं तर काय करायचं?

आणि माझं स्वतःचं एक सांगायचं राहिलं. मला या सिनेमात काही अडचण आहे हे दिसलंच नव्हतं. मी लहानपणापासून ढाल-तलवारीचे ऐतिहासिक सिनेमे बघत मोठा झालो, डोंगरावरून घोडे उतरताना दिसले की माझ्या अंगावर काटा येतो, मग तो घोडा कुठल्याही देशाचा असो. त्यामुळे समोरच्या फौजेत कुणाचे पणजोबा असतील हा विचार मी केलाच नाही.

कोणते पर्याय होते

एक म्हणजे मुलीचं ऐकून विषयच बदलायचा आणि बंदी घातलेले सिनेमे दाखवायचे. हे सोपं होतं आणि कुणीही नाव ठेवलं नसतं. पण मग ज्या सिनेमांनी खरोखर थिएटरं भरली त्यांच्याकडे कुणी गंभीरपणे बघणारच नाही, आणि बाईंसारख्या माणसांना आपण सांगतोय की तुमचं तरुणपण म्हणजे फसवणूक होती. मला ते मान्य नव्हतं.

दुसरा, सगळं जसं आहे तसं दाखवायचं, प्रस्तावना नाही, चर्चा नाही. बाईंचा कल इकडे होता. त्या म्हणाल्या, "अरे, लोक काय लहान मुलं आहेत? आम्हाला तेव्हाही कळायचं कुठलं वाक्य पक्षाचं आणि कुठलं सिनेमाचं." यावर मला तेव्हाच थांबून विचारायला पाहिजे होतं की कसं कळायचं, सांगा ना. विचारलं नाही.

तिसरा, मिहाई पूर्ण वगळून त्या जागी पोलिसपट.

चौथा पर्याय माझ्या डोक्यातून निघाला: मिहाईचा फक्त पहिला भाग. समोर ऑटोमन फौज, हॉलमध्ये तुर्क कुणी नाही, कुणाला लागायचं कारण नाही, दोन तासांत आटपतं, आणि दोन भाग मुळातच वेगळे असल्यामुळे कापल्यासारखंही वाटणार नाही. बाई आणि मुलगी, दोघींनीही लगेच मान डोलावली. जो पर्याय ऐकून सगळ्यांना हायसं वाटतं त्याच्याकडे मी आता जरा संशयाने बघतो, कारण त्यात कुणालाच कुणाशी अवघड बोलायची गरज उरत नाही.

पाचवा पर्याय होता तो कुणालाच सुचला नाही. मित्राला फोन करून विचारायचं की तुला नक्की काय बोलायचंय.

काय केलं

हाइदुचीचा शनिवार छान गेला. वेस्टर्न आम्ही दुसऱ्या आठवड्यात पुढे आणला, त्याचं कारण सांगतो कारण हा एक निर्णय बरोबर आला. दान पित्सा आणि मिर्चा वेरोयु या दोघांनी 70 च्या दशकाच्या सुरुवातीला 'नुन्ता दे पियात्रा' हा अतिशय देखणा, शांत, कवितेसारखा सिनेमा एकत्र केला होता. पुढे वेस्टर्नचा पहिला आणि तिसरा भाग पित्साने केला, दुसरा वेरोयुने. म्हणजे ज्यांना आपण कलावंत म्हणतो तेच लोकप्रिय सिनेमातही होते, भिंत कुठे नव्हतीच. हे मुलीला नीट माहीत होतं, तिलाच प्रस्तावना करायला सांगितली. तिने फार चांगली केली. तिने दाखवून दिलं की गोष्टीतला संदेश सरकारला हवा तोच आहे, गेलेल्या भावाने घरी परत यावं, आणि तरीही इलारियोन चोबानूचा तो थोरला भाऊ वाळवंटात उभा राहून आपल्या गावच्या भाषेत बोलतो तेव्हा हॉलमधली माणसं हसतात ती संदेशाला नाही, घरच्या माणसाला भेटल्यासारखी हसतात. परदेशात राहणारा मी, मला ते चटकन लागलं.

तिसऱ्या शनिवारी मिहाईचा पहिला भाग. पत्रकावर आम्ही नुसतं 'मिहाई वित्याझुल' छापलं होतं, भाग पहिला असं लिहिलं नव्हतं. ही चूक माझी. हॉल पूर्ण भरला, भिंतीला टेकून माणसं उभी. पहिला भाग संपला, दिवे लागले, लोक बसूनच राहिले. त्यांना वाटलं मध्यंतर. मी उठून सांगितलं की आजचा कार्यक्रम एवढाच.

एक आजोबा म्हणाले, "पण राहिलं अजून." मी म्हटलं वेळेचं कारण. ते खोटं होतं आणि बाईंना माहीत होतं की ते खोटं आहे. त्या आम्ही ठरवलं तेव्हा मान डोलावून गेल्या होत्या, पण आता त्यांचा चेहरा बघवेना. नंतर चहाच्या टेबलापाशी त्या हळू आवाजात म्हणाल्या, त्या काळात आम्ही थिएटरात बसलो की कुठे कात्री लागली ते शोधायचो, आज मीच कात्री लावणाऱ्यांत होते.

आणि मग मित्र आला. तो शेवटच्या रांगेत बसला होता, सोबत आईला घेऊन. त्याने विचारलं, "दुसरा भाग का नाही?" मी सांगितलं, तुझ्यासाठी. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, मी बोलायचं म्हटलं होतं, बंद करा नाही म्हटलं. तुम्ही माझ्या नावावर सिनेमा कापलात आणि मला सांगितलंही नाहीत, उद्या गावात कुणी विचारलं तर लोक म्हणणार हंगेरियनांनी थांबवला.

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. कुणाला दुखवू नये म्हणून केलेली गोष्ट त्याच माणसाला सगळ्यांसमोर अडचणीत टाकून गेली.

दुरुस्ती

दुसऱ्याच दिवशी चौघं बाईंच्या घरी बसलो. नेआ मरिन एक आठवडा पुढे ढकलायचा आणि मधल्या शनिवारी 'उनिरिया' दाखवायचा हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वेळ गेला तो आधी कोण बोलणार यावर. मुलीचं म्हणणं, आधी सरकारी धोरण समजावून सांगू, 1971 च्या जुलैत चाउशेस्कूने चीन आणि उत्तर कोरियाहून आल्यावर कलेवर पक्षाची पकड घट्ट करणारे जे सांस्कृतिक प्रबंध मांडले ते सांगू. बाईंचं म्हणणं, आधी नुसता सिनेमा. शेवटी मित्र म्हणाला मला सुरुवातीला दहा मिनिटं द्या, बाकी तुम्ही ठरवा. दिली.

पत्रकावर यावेळी स्वच्छ लिहिलं की मागच्या आठवड्यात दुसरा भाग आम्ही आमच्या निर्णयाने वगळला होता, वेळेचं कारण खरं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला जड गेलं.

काय झालं

माणसं मागच्या आठवड्यापेक्षा कमी आली, निम्मीच. ते आजोबा आले.

मित्राने दहा मिनिटांत जे सांगितलं ते आम्हा तिघांनाही नीट माहीत नव्हतं. तो सेकेय आहे, म्हणजे पूर्व ट्रान्सिल्व्हानियातल्या हंगेरियन भाषिकांतला एक समाज, पूर्वी सरहद्दीवर लढणारे, त्याबदल्यात स्वतःचे हक्क असलेले. 1562 च्या बंडानंतर ते हक्क काढून घेतले गेले. मिहाईने ते परत द्यायचं वचन दिलं, आणि शेलिम्बरला सेकेय त्याच्या बाजूने लढले. हरून पळणाऱ्या आंद्रेई बाथोरीला मारलं तेही सेकेयांनीच. "म्हणजे माझे पूर्वज बहुतेक मिहाईच्याच फौजेत होते," तो म्हणाला, "आणि तरी माझ्या आजीच्या तोंडी मिहाईच्या माणसांनी केलेली लूट होती. दोन्ही खरं आहे. मला एवढंच सांगायचं होतं."

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मग सिनेमा लावला.

बाथोरी पडद्यावर आला तेव्हा मित्राच्या आईने अंधारात मोठ्याने नाव घेतलं. बाथोरीचं नाही, नटाचं: कोवाच ग्यॉर्गी. हंगेरियन रंगभूमीवरचा मोठा नट, त्यांनी तरुणपणी त्याची नाटकं पाहिलेली. चहाच्या वेळी त्या बाईंना सांगत होत्या की हा माणूस रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी बघत राहावंसं वाटायचं, आणि बाई त्यांना सांगत होत्या की आम्झा पेल्या 1983 ला गेला तेव्हा आम्ही घरातलं कुणी गेल्यासारखं रडलो. दोघी एकाच वयाच्या. एकीने तो सिनेमा शाळेच्या रांगेत बसून पाहिला होता, दुसरीने पहिल्यांदाच आत्ता.

सगळं गोड झालं असं नाही. एक गृहस्थ मित्राचं बोलणं ऐकून सिनेमा सुरू व्हायच्या आधीच उठून गेले, ते परत आले नाहीत. मुलीला अजूनही वाटतं की आम्ही पिन्तिलिएला न्याय दिला नाही, आणि मला वाटतं तिचं बरोबर आहे, चार शनिवारांत एक त्याचा असायला हवा होता, शेजारी शेजारी ठेवून बघितलं असतं तर जवान कुणाला मिळाले आणि कॅमेरा कुणाचा काढून घेतला हे आपोआप दिसलं असतं.

आता करायचं झालं तर

मी यादी एकट्याने करणार नाही, ही पहिली गोष्ट. कुणी 'मला बोलायचंय' म्हटलं तर त्याच दिवशी फोन करून विचारीन काय बोलायचंय, अंदाज बांधणार नाही. आणि वगळायचंच असेल तर पूर्ण वगळीन आणि कारण पत्रकावर छापीन, अर्धं दाखवून अर्ध्याबद्दल गप्प बसणं सगळ्यात वाईट पडलं. बाईंचं ते वाक्य, पक्षाचं कुठलं आणि सिनेमाचं कुठलं हे आम्हाला कळायचं, त्यावर अख्खी एक संध्याकाळ ठेवायला हवी होती. सिनेमा मध्येच थांबवून त्यांनाच विचारायचं, हे वाक्य कुणाचं? ते आम्ही यंदा करणार आहोत.

यंदाच्या यादीत पोलिसपट आहेत. निकोलाएस्कूचा 1972 चा 'कु मुइनिले कुराते', म्हणजे स्वच्छ हातांनी. युद्धानंतरचं बुखारेस्ट, टोळ्या, गोळीबार, एक जुना कमिशनर जो निकोलाएस्कूने स्वतः केलाय, आणि एक नवा, पक्षातून पोलिसात आलेला कामगार, तोच इलारियोन चोबानू. सिनेमा जबरदस्त पळतो, खुर्चीतून हलू देत नाही. पण त्यात ज्या वर्षांत कम्युनिस्ट पोलीस स्वच्छ हातांचे दाखवलेत त्याच्या पुढच्याच काही वर्षांत सिगेत, गेर्ला, पितेश्तचे तुरुंग राजकीय कैद्यांनी भरले. आमच्या नेहमीच्या येणाऱ्यांत एक जण आहेत ज्यांचे वडील त्यातल्या एका तुरुंगात होते.

यावेळी मी यादी छापायच्या आधी त्यांच्या घरी गेलो, सिनेमाचं नाव सांगितलं, तुम्हाला काय वाटतं विचारलं. ते म्हणाले विचार करून सांगतो. अजून उत्तर आलेलं नाही, तोवर फेब्रुवारीतला तो शनिवार आम्ही रिकामा ठेवलाय.